गाणे सोबत घेऊन निघालेली माणसे

दिवाळी सरली आणि गोदावरीवर पहाटेचे धुके उतरू लागले, की नांदेडात दरवर्षी एक छोटी वस्ती उभी राहते. बांबूंवर ताडपत्री, ताडपत्रीखाली दोऱ्या आणि दोऱ्यांवर स्वेटर, कानटोप्या, शाली. लुधियानाच्या बाजारातून गाठोडी भरून आणलेला हा माल घेऊन जी माणसे येथे दोन-अडीच महिने मुक्काम करतात, त्यांना आपले लोक सरसकट 'नेपाळी' म्हणतात. ती नेपाळी नव्हेत. ती तिबेटी आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचा जन्म भारतातच झालेला आहे. आम्हीही कित्येक वर्षे त्यांना नेपाळीच समजत होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आगमनकाळाचा पहिला आठवडा होता. बोर्डिंगातील मुलांसाठी स्वेटर घ्यावयास आम्ही त्या बाजारात गेलो. दुकानावर पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई बसली होती. भाव ठरला, म्हणजे तिने सांगितला आणि आमच्या घासाघिशीने तो तसूभरही हलला नाही. मग ती मापाप्रमाणे स्वेटर मोजून वेगळे काढू लागली, आणि मोजता मोजता काहीतरी गुणगुणू लागली. सूर लांबच लांब होता. मध्येच आवाज गळ्यात एक हेलकावा खाई आणि पुन्हा सरळ होई.

"ताई, हे कुठल्या सिनेमातलं गाणं?" आम्ही विचारले.

ती हसली. "सिनेमातलं नाही, फादर. म्हशीचं आहे."

आम्हाला काही उलगडा होईना. तेव्हा तिने हातातले काम न थांबवता सांगितले. तिची आई तिबेटातल्या गुराख्यांच्या मुलखातली. तेथे याकाच्या मादीला द्री म्हणतात. द्रीने पान्हा सोडावा म्हणून दूध काढताना तिला गाणे म्हणून दाखवायचे, ही तिकडची रीत. आई देश सोडून आली तेव्हा द्री मागे राहिली, गाणे तेवढे बरोबर आले. पुढे विदर्भातल्या गोठणगावला वसाहत मिळाली, जमीन मिळाली, घरात म्हैस आली. आईने तेच गाणे म्हशीला म्हणावयास सुरुवात केली.

"आणि म्हैस पान्हवायची?"

"पान्हवायची ना! तिला भाषा कुठली कळते, फादर? आईचा हात कळायचा, आवाज कळायचा."

"तुम्ही तिबेट पाहिला आहे?"

"नाही," ती म्हणाली, आणि पुढे मोजू लागली. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. हे घ्या तुमचे तीस."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्या गाण्यामुळे आम्हाला आमच्याच धर्मग्रामातील एका म्हातारीची आठवण झाली होती. तिच्याविषयी शेवटी लिहू, कारण तो आमचा कबुलीजबाब आहे. परंतु त्या हिवाळ्यापासून तिबेटी संगीताचा आम्हाला छंद जडला. काही त्या ताईंकडून ऐकले, काही वाचले, काही मुलांनी मोबाईलवर शोधून दिले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, असे मनात आले.

प्रथम ही माणसे आपल्या महाराष्ट्रात कशी आली ते पाहू. मार्च 1959 मध्ये ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो मोडून काढण्यात आला. 31 मार्च रोजी दलाई लामा भारताच्या हद्दीत पोहोचले, आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे हिमालय ओलांडून आली. आरंभी त्यांतील कित्येकांनी डोंगराळ भागात रस्ते बांधण्याच्या कामावर खडी फोडली. पुढे निरनिराळ्या राज्यांनी त्यांना वसाहतींसाठी जमिनी दिल्या. महाराष्ट्रातील वसाहत अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावला 1972 साली वसली. तिचे नाव नोरग्येलिंग. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1999 पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. बर्फाच्या पठारावरून आलेल्या माणसांनी झाडीपट्टीचा मे महिना कसा काढला असेल, याची कल्पना आम्हा मराठवाड्यातील लोकांना करता येते. ती धानाची शेती शिकली, मराठी आणि हिंदी शिकली. हिवाळ्यात ती स्वेटर विकावयास गावोगाव जातात, आणि लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष जवळ आले, की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास घरी परततात.

या लोकांच्या जुन्या गाण्यांत दोन मोठे प्रकार आहेत. एकाला 'लू' म्हणतात. ते माळरानावरचे गाणे. त्याला ठेक्याचे बंधन नसते, सूर लांबवीत न्यायचा असतो. समोरच्या टेकडीवरील गुराख्याला ऐकू जावा असा. त्या ताईंचे गाणे ऐकताना आम्हाला सूर इतका लांब का वाटला, ते यावरून उमगले. दुसरा प्रकार 'शाय'. त्याला ठेका असतो आणि त्यावर पावले टाकीत फेर धरता येतो. याखेरीज प्रत्येक कामाचे गाणे निराळे. लोणी घुसळण्याचे निराळे, पीक कापण्याचे निराळे. तिकडे घरांची धाबी आणि जमिनी एका खास मातीने करतात. ती माती बसविण्यासाठी स्त्री-पुरुष हातात दगड लावलेल्या काठ्या घेऊन ओळीने उभे राहतात आणि गाण्याच्या तालावर ती चोपतात. गाणे थांबले तर हात थांबतात आणि हात थांबले तर धाबे गळते. आपल्याकडे जात्याची ओवी आणि मोटेवरचे गाणे यांचे नाते कामाशी असेच होते. श्रम करणाऱ्याला गाणे हा अलंकार नसतो. ते कुदळीसारखे एक अवजार असते.

शहराचे संगीत वेगळे होते. ल्हासात 'नांगमा' आणि 'तोएशे' नावाचे गायनप्रकार रंगत. त्यांतील मुख्य वाद्य डाम्न्येन. लांब मानेचे हे तंतुवाद्य आहे. त्याला सहा तारा, दोन-दोनच्या तीन जोड्यांत लावलेल्या. नावाचा अर्थच 'कानाला गोड'. साथीला बासरी, गजाने वाजवायचे दोन तारांचे पिवांग, आणि संतुराप्रमाणे काड्यांनी वाजवायचे एक वाद्य. या मैफलींत ल्हासातील मुसलमान वादकही बसत. ज्या नगराला आपण केवळ लामांचे नगर समजतो, तेथे संध्याकाळी असेही सूर घुमत होते. तिबेटी लोक आपल्या सरस्वतीला यांगचेन म्हणतात. तिच्याही हाती तंतुवाद्य आहे.

तिबेटी लोकनाट्याला 'आचे ल्हामो' म्हणतात. परंपरा सांगते, की पंधराव्या शतकातील थांगतोंग ग्याल्पो या साधूने ते सुरू केले. या साधूला नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधावयाचे होते. पैसा हवा होता. तेव्हा त्याने गाणाऱ्या बहिणींचे एक पथक उभे केले आणि गावोगाव खेळ करून पुलांसाठी दान गोळा केले. आमच्यासारख्या ज्या धर्मगुरूंनी मंदिराच्या छपरासाठी नाटके बसवून देणग्या मागितल्या आहेत, त्यांना हा साधू अगदी जवळचा वाटावा! या नाट्यात साथीला फक्त ढोल आणि झांज. पात्रे उघड्यावर उंच आवाजात गातात आणि खेळ दिवसभर चालतो. ल्हासाच्या नोरबुलिंगका उद्यानात शोतोन, म्हणजे दह्याच्या सणाला, हे खेळ होत.

यातील एका नाट्याने आम्हाला थेट मराठवाड्यात आणून सोडले. ते नाट्य दिमे कुंदेन या राजपुत्राचे. मागेल त्याला मागेल ते देणारा हा राजपुत्र राज्यातले अमोल रत्न देतो, वनवासात जातो, तेथे मुलेबाळेही देतो, आणि शेवटी स्वतःचे डोळे काढून एका आंधळ्याला देतो. ही कथा मुळात विश्वंतर जातकाची, आणि विश्वंतर जातक आपल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर रंगविलेले आहे. शाळेच्या सहलीत आमच्या मुलांनी ते पाहिले आहे. आपण ज्यांना दूरदेशीचे समजून स्वेटरचा भाव पाडून मागतो, त्यांच्या आज्या ज्या कथेवर रडत होत्या, ती कथा आपल्याच डोंगरात रंगवून ठेवलेली आहे.

आता मठांतील संगीत. 'दुंगचेन' नावाचे माणसाहून लांब कर्णे, मोठे ढोल, झांजा, आणि 'ग्यालिंग'. हे ग्यालिंग म्हणजे आपल्या सनईचे सख्खे भावंड. वादक नाकाने श्वास घेता घेता गालांत साठविलेली हवा फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. आमच्या भागातील सनईवालेही हेच करतात. ग्युतो आणि ग्युमे या मठांचे भिक्षू इतक्या खर्जात पठण करतात, की एकाच कंठातून एका वेळी दोन-तीन स्वर निघाल्याचा भास होतो. वस्तुतः तो भास नव्हे. खालच्या स्वरात दडलेले वरचे स्वर ते कंठ आणि मुख यांच्या नियमनाने ऐकू येतील असे करतात. हे दोन्ही मठ आता भारतात आहेत. ग्युमे कर्नाटकात हुणसूरला आणि ग्युतो धरमशालेजवळ. या पठणासाठी त्यांच्याकडे एक लिपी आहे. तिच्यात स्वरांची नावे नसतात. सूर कोठे चढतो, कोठे वळतो, कोठे थरारतो हे दाखविणाऱ्या नागमोडी रेषा असतात. त्या रेषांचे चित्र पाहून आम्ही चकित झालो. सेमिनरीत असताना ग्रेगरीय गायनाची जुनी पुस्तके आम्ही पाहिली होती. त्यांतील सर्वांत प्राचीन खुणाही अशाच होत्या. स्वर न सांगता केवळ सुराचा चढउतार दाखविणाऱ्या. दोन ठिकाणच्या संन्याशांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, प्रार्थनेचा सूर कागदावर बांधण्यासाठी एकाच प्रकारची युक्ती योजली.

आपल्या ख्रिस्तसभेचीही एक खूण तिबेटात राहिली आहे, आणि तीही नादाचीच. येशूसंघाचे फादर आंतोनियो द आंद्रादे हे 1624 साली आग्र्याहून निघून पश्चिम तिबेटातील त्सापारांगला पोहोचले, आणि 1626 च्या ईस्टरला तेथे ख्रिस्तमंदिराची पायाभरणी झाली. पुढे 1716 मध्ये येशूसंघाचे फादर इप्पोलितो देसिदेरी ल्हासाला गेले. त्यांनी मठांत राहून तिबेटी भाषेचे आणि ग्रंथांचे असे अध्ययन केले, की तिबेटी भाषेतच ग्रंथरचना केली. कापुचिन संघाचे धर्मगुरूही अठराव्या शतकात ल्हासात होते. 1745 मध्ये त्यांना ते नगर कायमचे सोडावे लागले. त्यांचे मंदिर गेले, पण मंदिराची घंटा राहिली. तिच्यावर आपल्या सभेच्या 'ते देऊम' या प्राचीन स्तुतिगीताचे शब्द कोरलेले आहेत. ल्हासाच्या जोखांग या परमपवित्र बौद्ध मंदिरात ती घंटा विसाव्या शतकातही लोकांनी पाहिली. माणसे गेली, इमारत गेली, ज्यातून नाद निघतो ते तेवढे राहिले, आणि तेही परक्या धर्माच्या लोकांनी सांभाळल्यामुळे राहिले.

वरच्या सगळ्या संगीतावर 1959 साली घाला आला. निर्वासितांनी भारतात आल्यावर काय करावे? अंगावर धड कपडे नव्हते, क्षय आणि उष्मा यांनी माणसे मरत होती. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये कालिंपाँग येथे त्यांनी संगीत, नृत्य आणि नाट्य जतन करणारी संस्था काढली. आज ती धरमशालेला असून 'तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स' या नावाने ओळखली जाते. पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला हे विचित्र वाटले. भुकेल्या माणसाला भाकरी आधी की डाम्न्येन आधी? परंतु विचार केल्यावर पटले. भाकरी उद्याही मिळविता येईल. गाणे जाणणारी म्हातारी माणसे मात्र उद्या नसतील, हे त्यांना कळले होते.

तिकडे तिबेटात निराळेच घडत होते. सत्तेने गाणी बंद करून भागवले नाही. जुन्या चालींत नवे शब्द भरले. ज्या चालीवर लोक आपला डोंगर गात होते, तिच्यावर पक्षाचे आणि माओचे गुणगान कर्ण्यांतून ऐकू येऊ लागले. स्तोत्रसंहितेतील 137 वे स्तोत्र येथे आठवते. बाबिलोनच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांकडे त्यांना पकडून नेणारेच गाण्याची फर्माईश करतात, आणि ते आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात. गाणे हिरावून घेण्याचा हा दुसरा मार्ग अधिक क्रूर आहे. गळा तुमचाच, चाल तुमचीच, फक्त गाणे तुमचे नाही.

ल्हासाच्या द्राप्ची तुरुंगात 1993 साली चौदा बौद्ध भिक्षुणी होत्या. शांततेने निदर्शने केली, हा त्यांच्यावरील आरोप. चोरून आत आणलेल्या एका टेपरेकॉर्डरवर त्यांनी आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. मायदेशाची, दलाई लामांची, आपण खचलो नाही असे घरच्यांना कळविणारी. ती फीत बाहेर पोहोचली. परिणामी त्यांच्या शिक्षा पाच ते नऊ वर्षांनी वाढल्या. त्यांतील न्गावांग सांगद्रोल 2002 मध्ये आणि फुन्त्सोक न्यिद्रोन 2004 मध्ये सुटल्या. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गातात आणि इतर बंदिवान ऐकत राहतात, तो प्रसंग आम्ही किती प्रवचनांत सांगितला असेल! त्या तुरुंगाचा पाया हादरला. या भगिनींच्या तुरुंगाचा हादरला नाही, आणि तरीही त्या गायल्या. आम्हाला तर हे अधिक कठीण वाटते.

आणखी एकाचे नाव सांगितलेच पाहिजे. न्गावांग चोएफेल हे दोन वर्षांचे असताना आईबरोबर तिबेटातून निघाले आणि कर्नाटकातील मुंडगोडच्या वसाहतीत वाढले. धरमशालेच्या संस्थेत ते संगीत शिकले, पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आले. 1995 मध्ये ते चित्रफितीचा कॅमेरा घेऊन तिबेटात गेले आणि खेड्यापाड्यांतील जुनी गाणी टिपू लागले. त्याच वर्षी त्यांना अटक झाली. हेरगिरीच्या आरोपावरून अठरा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची आई सोनम देकी दिल्लीत रस्त्यावर बसून मुलाच्या सुटकेसाठी विनवण्या करीत राहिली. जानेवारी 2002 मध्ये ते सुटले आणि 2009 मध्ये त्यांनी 'टिबेट इन साँग' हा चित्रपट जगापुढे आणला. म्हाताऱ्यांची गाणी गोळा करण्यासाठी एका माणसाने साडेसहा वर्षे तुरुंगात काढली.

मग तरुणांचे काय? ती आपल्या मुलांसारखीच आहेत. वसाहतींत जन्मलेल्या तिबेटी मुलांनी हिंदी सिनेमाची गाणी पाठ केली, गिटार घेतली, रॉक ऐकले. धरमशालेत 1980 च्या दशकात 'रांगझेन शोनू' नावाचे पथक निघाले, आणि नंतर तीन भावांचे 'जेजेआय एक्झाइल ब्रदर्स'. गिटारीवर निर्वासिताचे दुःख आणि त्याच पथकात कधी डाम्न्येनही. तिबेटच्या ईशान्येकडील आम्दो प्रांतात 1980 च्या दशकापासून मँडोलिन छेडीत एकट्याने गाण्याचा नवा प्रकार फोफावला. त्याला 'डुंगलेन' म्हणतात, म्हणजे 'छेडा आणि गा'. वाद्य परके, पण गळ्यातील हेलकावा त्याच माळरानाचा. यांगचेन ल्हामो 1989 मध्ये हिमालय ओलांडून भारतात आल्या, पुढे ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून केवळ आवाजाच्या बळावर जगभर गायल्या. काठमांडूजवळच्या मठातील भिक्षुणी आनी चोयिंग द्रोल्मा यांनी अमेरिकन गिटारवादकाबरोबर मठातील पठण ध्वनिमुद्रित केले, 2013 मध्ये ए. आर. रहमान यांच्याबरोबर गायल्या, आणि गाण्यातून मिळालेल्या पैशांतून भिक्षुणींसाठी शाळा चालविली. जुन्या लोकांना यातील काही रुचते, काही रुचत नाही. हा वाद त्यांच्या घरोघरी चालतो, जसा आपल्या धर्मग्रामात कीबोर्ड आणि पेटी यांचा चालतो.

येथे आम्ही आमच्या कबुलीजबाबाकडे येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही नवे धर्मगुरू म्हणून लातूर आणि नांदेडच्या सीमेवरील काही खेड्यांत काम करीत होतो. तेथील ख्रिस्ती कुटुंबांचे वाडवडील हलगी आणि सनई वाजविणारे. ज्या गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाला लग्नात आणि मरणात त्यांची हलगी लागे. त्या वस्तीत एक म्हातारी होती. सारी वस्ती तिला आजी म्हणे, आम्हीही आजीच म्हणत असू. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. प्रभूच्या जन्माच्या, पवित्र मारियेच्या मिसर देशाच्या वाटेच्या, वधस्तंभाच्या ओव्या तिने जात्यावर स्वतः रचल्या होत्या. नाताळच्या रात्री ती गाई, दुसऱ्या बायका मागून म्हणत आणि दोन तरुण हलगीवर ठेका धरीत.

आम्ही ते बंद केले. आमच्यापाशी कारणे होती. आम्ही शहरातून कीबोर्ड आणला होता, छापील गीतसंग्रह आणला होता, मुलांचे गायकवृंद बसविले होते. ओव्यांत मारियामाता बाभळीच्या काट्यातून चालत होती आणि हेरोदाचे शिपाई निजामाच्या रझाकारांसारखे दारे फोडीत होते. आम्हाला ते शास्त्राला सोडून वाटले. पण सगळा दोष आमच्या अहंकाराचा होता, असे म्हणणेही पुरते खरे नाही. वस्तीतील शिकलेले तरुणच आम्हाला म्हणाले होते, "फादर, देवळात हलगी नको. हलगी वाजली की लोक आम्हाला जुन्या नावाने ओळखतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या वाद्याबरोबर अपमान वाजत आला, ते वाद्य टाकून देण्याचा त्यांना अधिकार होता. लडाखमध्येही ढोल आणि सनई वाजविणाऱ्या मोन आणि बेदा या जमातींना समाजात खालचे स्थान मिळाले, असे आम्ही पुढे वाचले. नादाला जात नसते, वादकाला मात्र लोकांनी दिलेली असते.

तरुणांचे ऐकले ते ठीक झाले. चूक झाली ती पुढे. आम्ही आजीला विचारले नाही. तिच्या ओव्या कोणत्याही कागदावर उतरवून घेतल्या नाहीत. नाताळला ती मागच्या रांगेत गप्प बसली. मिस्सा झाल्यावर आम्ही विचारले, "आजी, पोरांनी कसं म्हटलं?" ती म्हणाली, "चांगलं म्हटलं, फादर. आता आमचं काय काम?" आम्ही हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेलो. दोन वर्षांनी ती वारली. तिच्याबरोबर त्या ओव्या गेल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच उपासनेवरील दस्तऐवजात सांगितले आहे, की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान आणि स्थान द्यावे. हे आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याहून सुमारे साडेतीनशे वर्षे आधी, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' ओवीतच छापले होते. इंग्लंडहून आलेल्या माणसाला ओवीची योग्यता कळली. आम्ही तर याच मातीतले होतो.

पुण्यात हेमा राइरकर आणि फ्रान्सहून येऊन येथलेच झालेले गी प्वातवाँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतील जात्यावरच्या ओव्या जमविल्या. तो संग्रह लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. न्गावांग चोएफेल यांनी हेच काम करू पाहिले आणि तुरुंग भोगला. आम्हाला ते काम करण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. एक वही आणि दोन दुपारी पुरल्या असत्या. तिबेटी लोकांचे गाणे सत्तेने हिसकावले आणि त्यांनी प्राण पणाला लावून ते राखले. आमच्या गाण्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. ते आम्ही छापील पुस्तक हाती धरून, मोठ्या प्रेमाने, आमच्याच हातांनी घालविले. स्वेटरच्या दुकानातून परतल्यावर आम्हाला झोप का लागली नाही, हे वाचकांच्या आता ध्यानात आले असेल.

त्या नाताळानंतर आम्ही वही घेऊन त्या वस्तीत गेलो. आजीच्या मागून म्हणणाऱ्यांपैकी तीन बाया हयात आहेत. प्रथम त्यांनी "आता काय आठवतंय, फादर!" म्हणून पदर तोंडाला लावला. मग त्यांतील एकीने कोपऱ्यातले जाते पुढे ओढले, आणि दाणे न घालता ते फिरवू लागली. जाते फिरू लागताच ओवी आली. हातांना आठवत होते, तोंडाला नव्हते. कामावाचून ते गाणे येतच नाही, हे आम्हाला तेव्हा समोर दिसले. आजवर वहीची बावीस पाने भरली आहेत. गावातील एका नातवाने सर्व काही मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आहे. त्याचे वडील त्या वेळी 'देवळात हलगी नको' म्हणणाऱ्यांत होते. त्याने स्वतः होऊन हलगी शिकावयास घेतली आहे. आम्ही त्याला सांगितले नाही आणि सांगणारही नाही. टाकण्याचा अधिकार जसा वडिलांचा होता, तसा उचलण्याचा अधिकार त्याचा.

मिसर देशाच्या वाटेच्या ओव्यांत एका जागी तिन्ही बाया थांबतात. मारियामाता बाळाला घेऊन नदीशी येते, नाव नसते, आणि पुढची ओवी कोणालाच आठवत नाही. जाते तीनदा रिकामे फिरते आणि मग त्या एकदम पैलतीराची ओवी सुरू करतात. माय नदी कशी उतरली, ते आजीलाच ठाऊक होते. वहीत आम्ही तेवढी जागा कोरी सोडली आहे. एक-दोघांनी सुचविले, की फादर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच दोन ओळी रचून घाला. आम्ही नाही म्हटले. ती जागा कोरी राहिलेलीच बरी. ती आमची आहे.

गेल्या हिवाळ्यात स्वेटरवाल्या ताईंना आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माझ्या मुलीला माझं गाणं येत नाही, फादर. ती बंगळूरला नोकरी करते. म्हैस पण विकली." आम्ही विचारले, "मग?" त्या म्हणाल्या, "यंदा लोसारला ती येणार आहे. तेव्हा शिकवते. म्हैस नसली तर नसली."

प्रिय वाचकहो, आपल्या घरात, शेजारी, वस्तीच्या टोकाला एखादी आजी असेल. या नाताळला तिच्यापाशी बसा. तिला केक द्या, नवे लुगडे द्या, पण त्याबरोबर विचारा, की तुझ्या लग्नात काय म्हटले होते, जात्यावर काय म्हणत होतीस, पाळण्याशी काय म्हणत होतीस. जे सांगेल ते उतरवून घ्या. शास्त्राला धरून आहे की नाही, हे नंतर पाहता येईल. बेथलेहेमच्या रात्री देवदूतांचे गाणे पहिल्यांदा ऐकले ते मेंढपाळांनी, आणि त्यांच्यापैकी कोणाला लिहिता येत होते असे वाटत नाही. त्यांनी ते कोणाला तरी सांगितले आणि सांगणाऱ्याचे कोणीतरी ऐकून घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले आहे.